काटा अर्धा हाय

आमच्या शाळेत पीटी सरांनी कुणालाही कधी नावानं हाक मारली नाही. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. "ए भूगोल, चहा सांग की." "इंग्रजी, तुमचा डबा काल लई तिखट होता बरं का." बाईंना अहो-जाहो, बाप्यांना अरे-तुरे, पण नाव कुणालाच नाही. हेडसरांना ते नुसतं "हेड" म्हणायचे, तेही तोंडावर. मी विज्ञान शिकवतो, म्हणून मी विज्ञान. माझ्या लग्नात भर मांडवात "विज्ञानाला बोहल्यावर आणा!" असं ते ओरडले होते. माझे सासरे परळीचे. त्यांना वाटलं, जावई मोठा शास्त्रज्ञ निघाला. पुढं बरीच वर्षं ते आमच्याकडं येताना घरातला बंद पडलेला मिक्सर नाहीतर पंखा सोबत घेऊन यायचे.

त्याच लग्नात अक्षता टाकायला माणसांची रेटारेटी झाली, तेव्हा सरांनी गळ्यातली शिट्टी जोरात वाजवली. सगळा मांडव गप्प. आमच्या शाळेत शिकलेली जेवढी माणसं मांडवात होती, ती सगळी हात मांडीला लावून ताठ उभी राहिली. मीही राहिलो. बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

सर मेंढरं राखणाऱ्या घरातले. पाटोद्याच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, त्या माळावर त्यांचं लहानपण गेलं. पुढं नोकरी लागली, पँट आली, बूट आले, पण चालणं तेच राहिलं. काठी मानेमागं आडवी धरायची, दोन्ही हात तिच्यावर लोंबते टाकायचे आणि ढांगा टाकत निघायचं. शाळेच्या व्हरांड्यातून ते असे आले की पोरं आपोआप खाली वाकायची. बशीत चहा ओतून प्यायचे आणि शेवटचा घोट जमिनीवर सांडायचे. कावून, असं विचारलं तर म्हणायचे, "तिला न्हाई का तहान?"

आणि थापा! अहो, काय एकेक थाप. सरांचा एक एडका होता. तो म्हणे एकदा पाटोद्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बसमध्ये चढला, खिडकीची जागा धरली आणि जामखेडला गेला. तिथं बाजार फिरला. संध्याकाळी त्याच बसनं परत आला. "आन कंडक्टरनं हाफ तिकीट घेतलं," सर अगदी गंभीर होऊन सांगायचे. "शिंगं होती म्हणून फुल घेत होता. मीच भांडलो." ही थाप मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या नाकातून चहा आला होता. दरवर्षी नवीन कुणी शिक्षक आला की आम्हीच सरांना म्हणायचो, सर, ते एडक्याचं सांगा. दरवर्षी एडका थोडा थोडा पुढं जायचा. शाळेत मी शेवटचं ऐकलं तेव्हा तो नगरपर्यंत पोचला होता आणि त्याला झोपायला मागची लांब सीट मिळाली होती.

त्यांच्या कमरेच्या करदोड्याला एक चिमटा बांधलेला असायचा. काटा काढायचा, साधा लोखंडी. आमच्याकडं जुन्या माणसांच्या करदोड्याला असतोच तो, पण सर शाळेतही शर्ट वर करून तो काढायचे. एका पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनाला एक पुढारी पाहुणे आले होते. गाड्यांची ही रांग. पाहुण्यांनी दोरी हातात घेतली, पेटीवाला तयार, हेडसर घामानं भिजलेले आणि सरांची "सावधान" काही येईना. बघतो तर सर मैदानाच्या कडेला उकिडवे बसलेले. कुणा अनवाणी आलेल्या पोरीचा पाय मांडीवर घेतलेला आणि चिमट्यानं टाच कोरणं चाललेलं. हेडसर धावत गेले. "अहो सर, पाहुणे थांबलेत!" सरांनी मान वर केली नाही. "थांबू द्या. काटा अर्धा हाय."

काटा निघाला, सरांनी तो हातावर घेऊन उन्हाला धरून बघितला, पुरा आहे याची खात्री केली, मग उठले, पँट झटकली आणि अशी काही "सावधान!" दिली की पाहुण्यांच्या हातातून दोरी सुटली. नंतर हेडसर लई भडकले. सर म्हणाले, "हेड, अर्धा सोडला की आत मोडतो. मग पाय पिकतो. झेंड्याचं काय, त्यो कुटं पळून चाललाय?" काटा काढताना मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, हा त्यांच्या आबांचा नियम. आबा म्हणजे वडील.

तर असा हा माणूस. आता माळढोकाचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे.

सर चौथीत असताना आबांबरोबर माळावर मेंढरं घेऊन गेले होते. गवत कमरेएवढं. मेंढरांमागं नाकतोडे उडत होते आणि त्या नाकतोड्यांमागं गवतातून एक पक्षी चालत आला. चौथीतल्या पोराच्या छातीला लागेल एवढा उंच. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. घाई नाही, भीती नाही. आबा म्हणाले, ह्यो माळढोक. दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेत सांगितलं. गुरुजींनी कान पिळला. "एवढा पक्षी? पाटोद्यात? थापाड्या!" वर्ग हसला आणि थापाड्या हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"मी आबाला म्हणलं, चला शाळेत, सांगा गुरुजीला," सर सांगायचे. "आबा म्हणले, आपण बघितला ना? मग लोकाला सांगून काय करायचंय? आबाचं बरुबर असंल, पर मी चौथीत होतो बे! मला सांगायचं होतं. मग म्हणलं, खरं सांगून बी मारच खायचाय, तर मग थापाच मारू. त्यात मजा तरी हाय."

तो माळ आता आहे, पण गवत नाही. वर पवनचक्क्या फिरतात, खाली प्लॉट पडलेत. सर मात्र माळढोकाची गोष्ट सांगायचे. एडक्याची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढायचा, हात चालायचे. माळढोकाची सांगताना ते हात मांडीवर ठेवायचे. हा फरक माझ्या ध्यानात आला होता, नाही असं नाही. पण ध्यानात येणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. मीही माळढोकाला एडक्याच्याच रांगेत बसवलं होतं. विज्ञानाचा मास्तर मी, पुरावा काय, हे माझं पहिलं वाक्य.

सर रिटायर झाले. निरोप समारंभात शाल झाली, नारळ झाला आणि हेडसर भाषणात म्हणाले, "सरांनी शाळेला खेळाडू दिले, शिस्त दिली आणि एक माळढोक दिला!" सगळा हॉल खो खो हसला. सरही हसले. पण मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पुढ्यातल्या ताटलीतली बालुशाही त्यांनी तशीच ठेवली. हा माणूस दुसऱ्याच्या ताटलीतली बालुशाही उचलून खाणारा. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभे.

"विज्ञान, तुझी गाडी बरी हाय का?"

"बरी आहे. कावून?"

"राजस्थानात जायचंय. वाळवंटात सरकारनं राखलेलं रान हाय मोठं. तिथं हायेत अजून. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ."

"सर, तुम्ही तर बघितलाय ना एकदा?"

"मी बघितलाय," ते म्हणाले. "तू बघायचाय. आयुष्यात एका तरी माणसानं म्हणावं का नाय, की ह्यो माणूस खोटं बोलत न्हवता? एकच माणूस पायजे मला. जास्त न्हाई."

आता याला नाही कसं म्हणणार तुम्हीच सांगा. बायको म्हणाली, जा. वर म्हणाली, तुमच्यापेक्षा तेच गाडी नीट बघतील. सरांना गाडी चालवता येत नाही, हे तिला ठाऊक होतं तरी म्हणाली.

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. सामान काय विचारू नका. ज्वारीच्या कडक भाकरींचा डबा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीचा उरलेला चिवडा, घोंगडी, काठी आणि त्यांच्या बोअरच्या पाण्याचे कॅन. "दुसऱ्या गावचं पाणी माझ्या पोटाला वळखत न्हाई," म्हणे. ते पाणी गुजरात लागायच्या आधी संपलं आणि मग त्यांच्या पोटानं सगळ्या देशाशी ओळख करून घेतली.

सरांच्या मते गाडी म्हणजे पायाचा अपमान. म्हणून दर थोड्या वेळानं ते मला गाडी थांबवायला लावायचे, उतरायचे आणि पुढं चालायला लागायचे. "तू ये मागून." भर हायवेला, मानेमागं काठी, गळ्यात शिट्टी, हा माणूस पुढं आणि मी पहिल्या गिअरमध्ये मागं. ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देत होते आणि सर हात वर करून त्यांना आशीर्वाद देत होते. मी चिडलो की म्हणायचे, "विज्ञान, तुझं रक्त लई तापतंय. चिवडा खा." मी खायचो. चिवडा चांगला होता, हेही खरं.

त्यांच्या हिंदीबद्दल तर वेगळंच सांगायला पाहिजे. आमच्याकडची हिंदी. गुजरातेत हॉटेलवाल्याला, "ओ भाऊ, ये डाल में शक्कर कायकू डाला? नक्को करू बाबा ऐसा." तो बिचारा हसायचा आणि दुसरी डाळ आणायचा. ती पहिलीपेक्षा गोड असायची.

वाटेत एक मुक्काम गुजरातेतल्या खाऱ्या रणाच्या काठाला. मिठानं पांढरी पडलेली जमीन, जिकडं बघावं तिकडं सपाट आणि लांबवर रानगाढवांचा कळप. आमच्याआधीच एक कुटुंब मोठाले कॅमेरे लावून श्वास रोखून बसलं होतं. गाईड तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना खुणावत होता. सरांनी कळप बघितला, त्यांचे डोळे चमकले, हात गळ्याकडं गेला. मी "सर, नको" म्हणेपर्यंत शिट्टी वाजली. कळप जो उधळला, की मागं नुसता धुरळा. कॅमेऱ्यावाल्या बाई रडायच्या बेतात. सर त्यांना समजावायला गेले, "बाई, बिगर दौडाए तब्येत कैसी समजती जनावर की? एकदम झकास है सब. एक बी लंगडा नहीं." गाईडनं आम्हाला हात जोडले. मी तिथंच सरांच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या खिशात टाकली. पोराच्या हातातून गोटी काढून घ्यावी तसं त्यांचं तोंड झालं. जैसलमेर येईपर्यंत अधूनमधून त्यांचा हात छातीवर चाचपडायचा आणि मग माझ्याकडं बघून ते मोठा सुस्कारा सोडायचे.

वाळवंटातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही परवानगी काढली, एक गाईड घेतला आणि त्यानं दाखवलेल्या वाटेनं रोज पहाटे चालायला लागलो. मला वाटलं होतं सगळी वाळूच असेल. तसं काही नाही. वाळूच्या टेकड्या आहेत, पण खडकाळ माळ जास्त, त्यावर सुकलेलं पिवळं गवत, मध्येच एखादं काटेरी झाड. सर एका झाडाजवळ जाऊन थबकले. "अरे, ही तर आपली सौंदड की!" असं म्हणून त्यांनी तिच्या खोडाला पाव्हणी भेटल्यासारखी मिठी मारली आणि काटे टोचून घेतले. मोज्यात कुसळं घुसली तर ती काढून मला दाखवायचे, "आपल्याकडचीच हायेत. गावाकडून आलीत माझ्यामागं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बूट काढून काठीला अडकवले आणि अनवाणी चालले. मी बुटात असून माझ्या पायाला फोड. ते पुढं आणि मी मागं, तोंडानं पुटपुटत.

गाईड स्वभावानं चांगला. तिकडं माळढोकाला गोडावण म्हणतात. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेब, फार थोडे उरलेत, दिसेलच असं नाही. सर म्हणाले, "नाम कुछ बी रखो, चाल वही होगी."

हरणं दिसली. कोल्हा दिसला. गिधाडं दिसली. माळढोक काही दिसेना. रोज पहाटे जायचं, ऊन चढलं की हात हलवत परत. पहिल्यांदा सर थापा मारत होते. एडका आता जैसलमेरला येऊन उंटावर बसून गेला होता. मग हळूहळू थापा बंद झाल्या. ढाब्यावर बाजरीची भाकरी पुढं आली तरी "आपल्या ज्वारीची सर न्हाई" असं काही म्हणाले नाहीत, मुकाट्यानं खाल्ली. मला काळजी वाटायला लागली. सर गप्प बसले की शाळेतसुद्धा आम्ही घाबरायचो.

सुट्टी संपत आली. शेवटच्या सकाळी गाईड म्हणाला, आज कुंपणाच्या बाहेर जाऊ. तिथं एक ओरण आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, तिथली फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. गवत बरं आहे, गावची मेंढरं चरतात, कधी कधी तो मेंढरांमागं येतो. सर एकदम उभे राहिले. "विज्ञान, ऐकलंस का? आबा हेच म्हणायचे! मेंढरामागं नाकतोडा, नाकतोड्यामागं त्यो!"

गेलो. सूर्य नुकताच वर आलेला. मेंढरांचा मोठा खांड पसरलेला आणि लाल पागोटं घातलेला एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून उभा. सरांनी मेंढरं बघितली मात्र, तोंडातून आपसूक आवाज निघाला, "हिर्र्र्र, ह्यो ह्यो ह्यो!" दोन-चार मेंढ्यांनी मान वर करून बघितलं आणि परत चरायला लागल्या. सर खट्टू झाले. "भाषा येगळी हाय ह्यांची." मग म्हाताऱ्याशी गप्पा. म्हातारा मारवाडीत, सर पाटोद्याच्या हिंदीत. एकाचं दुसऱ्याला कळत असेल असं मला तरी वाटत नाही, पण दोघांच्या माना एकदम हलत होत्या.

मी थोडा बाजूला सरकून गवतावर नजर ठेवून उभा होतो. मागून सरांचा आवाज आला, "ओ बाबा, ये मेंढी लंगडती कायकू?" वळून बघितलं तर सरांनी एक मेंढी धरली होती. दोन्ही गुडघ्यांत तिला दाबलं, पुढचा पाय उलटा वळवून हातात घेतला, शर्ट वर केला आणि करदोड्याचा चिमटा काढला. म्हातारा वाकून बघायला लागला. गाईडही गेला बघायला. मी म्हटलं, झालं! माणूस एवढ्या लांब आला कशाला आणि करतोय काय!

असं म्हणून मी तोंड फिरवलं आणि माझ्या समोर गवतात तो उभा होता.

काय सांगू तुम्हाला. एका क्षणापूर्वी तिथं काही नव्हतं. आता होता. लांब नाही, आमच्या शाळेच्या मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला असेल एवढाच. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. मान अशी वर, चोच जरा आभाळाकडं. आणि चालत होता. घाई नाही, भीती नाही. मी शाळेत पक्षी शिकवतो, चित्र काढून शिकवतो, पण हा जिवंत चालत होता आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

मग आठवलं, अरे, सर!

मोठ्यानं हाक मारली तर तो उडणार. हात हलवावे तर सर मान खाली घालून बसलेले. शिट्टी माझ्या खिशात होती आणि वाजवायची सोय नव्हती. मी दातांतून म्हटलं, "सर! सर! माळढोक! मागं बघा!"

सरांना ऐकू गेलं. पक्कं गेलं, कारण त्यांची पाठ ताठ झाली. मेंढीच्या पायावरचा हात तेवढ्यापुरता थांबला. मी अजून विसरत नाही तो हात. मला वाटलं, आता वळतील, आता वळतील.

"थांब," ते म्हणाले. "काटा अर्धा हाय."

"अहो मरू द्या तो काटा! सर, हात जोडतो!"

"तू बघ," ते म्हणाले. मान तशीच खाली. "विज्ञान, तू नीट बघ. तू बघायला आलास."

मी घाईघाईनं मोबाईल काढला, सरही येतील असा बाजूला सरकून एक फोटो मारला, तोवर मेंढी ओरडली, तो पक्षी थांबला, त्यानं एकदा आमच्याकडं बघितलं, जड जड पंख उघडले आणि गवताला घासत उठला तो टेकडीपलीकडं गेला. त्याच वेळी मागून सरांचा आवाज आला, "निगाला!" काटा हातावर घेऊन ते उन्हाला धरून बघत होते. पुरा निघाला होता. मेंढी उडी मारून खांडात गेली, न लंगडता.

मी त्यांच्यावर ओरडलो. खरंच ओरडलो, मोठ्या माणसावर. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. एवढं वाळवंट तुडवलं, आयुष्यभर ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली, तो पाठीमागून चालत गेला आणि तुम्ही मान वर करत नाही? मेंढी काय तुमची होती?

सरांनी चिमटा पुसला, करदोड्याला बांधला. "मेंढी कुणाची का असंना," ते म्हणाले. "धरली होती मी." मग जवळ आले, माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं. "बघितलास ना? नक्की बघितलास?"

"बघितला."

"कसा चालत होता? चालून दाखव."

"सर, आता इथं?"

"दाखव बे!"

मग मी चालून दाखवलं. वाळवंटात, मेंढरांमध्ये, वय झालेला विज्ञानाचा मास्तर. पागोटंवाला म्हातारा तोंडाला हात लावून हसत होता, गाईड फोटो काढत होता. सर म्हणाले, "मान आजून वर." मी वर केली. "टोपी होती का काळी?" होती. "घाई करत होता?" नाही. "हां," सर म्हणाले, "तस्साच. अगदी तस्साच हाय." आणि उपरण्यानं तोंड पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मी खिशातली शिट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली.

परतीच्या वाटेवर एडका पुन्हा सुरू झाला. त्यानं उंट विकत घेतला होता.

पाटोद्याला आलो, त्याच संध्याकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळे जमले. हेडसर, भूगोल, इंग्रजीच्या बाईंचे मिस्टर, हॉटेलवाला. मी सगळं सांगितलं. गवत कसं होतं, मान कशी होती, तो कसा चालला, कसा उडाला. मी सांगतोय आणि हे सगळे एकमेकांकडं बघून हसताहेत.

"पीटीची संगत लागली ह्याला," भूगोल म्हणाला. भूगोल गेवराईचा, त्याला कशाचंच कौतुक नाही. "फोटो हाय का?"

फोटो होता. फोटोत सर होते, म्हणजे सरांची वाकलेली पाठ आणि त्याखालचा भाग भरपूर होता, मेंढीचं तोंड होतं आणि मागं गवतात एक तपकिरी ठिपका होता. मोबाईल हातोहात फिरला. एक म्हणाला, मडकं आहे. दुसरा म्हणाला, कोंबडी. हॉटेलवाल्यानं तो ठिपका बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाला, "दगड हाय. मी सांगतो, दगड हाय."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "सर, तुम्ही सांगा ना ह्यांना!"

सगळे सरांकडं वळले. सगळ्यांची तोंडं आधीच हसायच्या तयारीत. आता सर किमान चार माळढोक सांगणार, त्यातल्या एकाला "सावधान" दिली म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हेडसरांनी तर चहाचा कप खाली ठेवला, सांडू नये म्हणून.

"सांगा की सर," भूगोल म्हणाला. "दिसला का तुमाला?"

सरांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. "न्हाई बा," ते म्हणाले. "मला न्हाई दिसला. मी मेंढीचा काटा काढत होतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग जे हसले सगळे! हॉटेलवाल्यानं टाळी दिली, हेडसरांनी माझ्या पाठीवर थापटी मारली. "विज्ञान, आता तू आमचा नवा पीटी!" मी सरांकडं रागानं बघत होतो. एक "हो" म्हणायला काय झालं होतं या माणसाला? सगळ्या जन्मात हजार थापा मारल्या आणि आज माझ्यासाठी एक खरी थाप मारायला जीभ उचलेना?

सगळे हसत होते, पण भूगोल हसायचा थांबला होता. तो सरांकडं बघत होता. कपाळाला आठ्या.

"सर," तो म्हणाला, "तुमी इतक्या लांब गेलता, हो म्हणायला कुणी हात धरला होता का? आमी हसलोच असतो, पर तुमी म्हणला असता. मग न्हाई कावून म्हणला?"

"न्हाई दिसला तर न्हाई," सर म्हणाले. "माळढोकाचं मी कवा खोटं सांगितलंय?"

हसणं एकेक करून थांबलं. हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. भूगोल हळूच म्हणाला, "मग सर, त्यो चौथीतला... आपल्या माळावरचा..." हेडसर खाली मान घालून कपात बघायला लागले.

सरांनी बशी टेकवली. त्यांचे हात मांडीवर होते. ते समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले आणि त्यांची हनुवटी हलत होती. मला वाटलं, आता हा माणूस रडतो. भूगोलानं उठून स्वतःच्या हातानं त्यांच्या बशीत चहा ओतला. हे भूगोलानं कुणासाठी केलेलं मी कधी बघितलं नाही.

सरांनी तो प्याला. शेवटचा घोट जमिनीवर सांडला. मिशी पुसली. मग सगळ्यांकडं एकदा नीट बघून घेतलं आणि आवाज चढवून, हात पुढं करून म्हणाले,

"आन एक न्हवता बे. दोन होते!"

कुणी हसलं नाही. हेडसरांनी मान हलवली, हॉटेलवाल्यानं हलवली, भूगोल तर म्हणाला, असतील, असतील, त्या वेळी गवत होतं. आवाज चढला, हात चालले, म्हणजे दुसरा कुठला आलाय डोंबलाचा, हे फक्त मला ठाऊक होतं, पण त्या संध्याकाळी पाटोद्यानं सरांचे दोन्ही मान्य केले. मी वाळवंटात माझ्या या डोळ्यांनी बघितलेला मात्र अजून दगडच आहे.